वाचकांचे प्रश्न : तुरुंगातून पोलिसांवर केस टाकलीय, ज्यूरीपर्यंत पोचणार कशी?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीला राहतो. माझ्या मिस्टरांबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा सध्या इथल्या स्टेट प्रिझनमध्ये आहे. त्याचं म्हणणं, अटक करताना हातकड्या घालून झाल्यावर पोलिसांनी त्याला खाली पाडून मारलं आणि त्यात मनगट मोडलं. त्याने आतूनच हाताने लिहून फेडरल कोर्टात केस टाकलीय, वकील वगैरे कोणी नाही. आता घरी त्याच्या आईकडे कागदांच्या कॉप्या येतायत, स्क्रीनिंग ऑर्डर, मार्शलचे फॉर्म, शेड्युलिंग ऑर्डर, आणि बिचाऱ्या बाई मला विचारतायत की सुनावणी कधी. मला स्वतःलाच काही कळत नाहीये. जरा सोप्या भाषेत सांगाल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सांगते ना, आणि जरा सविस्तरच सांगते, कारण अशा केसेसच्या फायली वाचून माझं एक ठाम मत झालंय. यातल्या कितीतरी केसेस ज्यूरीसमोर हरत नाहीत, त्या तिथे पोचतच नाहीत. आधीच्या कागदपत्रांतच संपतात, आणि मार खाल्ला हे खोटं होतं म्हणून नाही, तर एखादी तारीख गेली, एखादं नाव राहिलं, एखाद्या कागदावर शपथेची ओळ नव्हती म्हणून. त्यामुळे 'सुनावणी कधी' यापेक्षा 'पुढचा कागद कुठला आणि तो कधीपर्यंत द्यायचा' हा प्रश्न बाईंनी रोज विचारायला हवा.

ही केस ज्या कायद्यावर उभी आहे तो सेक्शन १९८३, मूळचा १८७१ चा, यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनचा हैदोस चालू होता आणि तिथली सरकारं काही करत नव्हती तेव्हाचा. पुढे कित्येक दशकं तो जवळपास पडूनच होता, शिकागोच्या पोलिसांवरच्या मन्रो विरुद्ध पेप या केसमध्ये १९६१ साली सुप्रीम कोर्टाने त्याला परत जीव दिला. राज्याच्या किंवा गावाच्या अधिकाऱ्याने वर्दीच्या जोरावर तुमचा घटनेतला हक्क मोडला तर त्याला थेट फेडरल कोर्टात खेचता येतं, हा त्याचा गाभा.

आता कुठला हक्क, ते मार कधी बसला त्यावर ठरतं. अटकेच्या वेळचा असेल तर चौथी घटनादुरुस्ती (अवाजवी अटक-झडतीपासून संरक्षण देणारी), आणि १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर प्रमाणे प्रश्न एवढाच की त्या जागी त्या क्षणी एखाद्या समंजस अधिकाऱ्याने एवढा बळाचा वापर केला असता का. त्याच्या मनात काय होतं ते सिद्ध करावं लागत नाही. खटला चालू असताना जेलमध्ये मारलं तर चौदावी, तिथेही २०१५ पासून साधारण हीच कसोटी. पण शिक्षा झाल्यानंतर प्रिझनमध्ये मारलं तर आठवी दुरुस्ती, आणि तिथे मात्र अधिकाऱ्याने शिस्त राखायला नाही तर मुद्दाम इजा करायला मारलं हे दाखवावं लागतं, ते फार अवघड. तुमच्या ओळखीच्या मुलाला अटकेत मारलं म्हणजे त्याची कसोटी त्यातल्या त्यात बरी आहे, फक्त त्याने कागदात 'क्रूर शिक्षा' असं लिहून आठवी दुरुस्ती धरली असेल तर ते वेळेत सुधारून घ्यावं.

स्क्रीनिंग ऑर्डर म्हणजे काय तर कैद्याने सरकारी माणसावर केस टाकली की समोरच्याला समन्स जायच्या आधी जज स्वतः ती वाचतो आणि अर्थ नसलेले भाग तिथेच काढून टाकतो. हाताने लिहिलं, भाषा कच्ची आहे याने बिघडत नाही, वकील नसलेल्याचे कागद उदारपणे वाचायचे हे सुप्रीम कोर्टाने १९७२ पासून सांगितलंय. पण 'पोलिसांनी मारलं' एवढ्याने भागत नाही. कोणी गुडघा ठेवला, कोणी हात पिरगळला, कोण बाजूला उभा राहून बघत होता आणि थांबवू शकत असून थांबवलं नाही, असं माणूस माणूस वेगळं लिहावं लागतं. आणि गावावर किंवा पोलीस खात्यावर पण केस टाकली असेल तर १९७८ च्या मोनेल नावाच्या निकालाप्रमाणे 'त्यांचा माणूस होता' हे पुरत नाही, खात्याचं धोरण किंवा रुळलेली पद्धतच तशी होती हे दाखवावं लागतं, म्हणून स्क्रीनिंगमध्ये बऱ्याचदा खातं गळतं आणि अधिकारी उरतात. तसं झालं असेल तर बाईंना सांगा घाबरू नका, मुख्य केस जिवंत आहे.

फीचं पण इथेच येतं. गरीब म्हणून अर्ज मंजूर झाला तरी कैद्याला कोर्टाच्या फीचे ३५० डॉलर माफ होत नाहीत, ते हप्त्याने त्याच्या आतल्या खात्यातून जातात. आधी मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीवरून २० टक्के, मग खात्यात १० डॉलरच्या वर असेल तेव्हा दर महिन्याच्या जमेतून २० टक्के. आई खाण्यापिण्याला पैसे पाठवते त्यातूनच हे कापलं जातं, आणि कोणी आधी सांगितलेलं नसतं, मग ती विचारत बसते पैसे गेले कुठे.

मार्शलचे फॉर्म म्हणजे समन्स बजावायचं काम. फी हप्त्याने देणाऱ्या कैद्यासाठी यूएस मार्शल ते करतात, पण अधिकाऱ्याचं नाव आणि कुठे सापडेल ते मुलालाच भरून द्यावं लागतं आणि मुदत ९० दिवस. फॉर्म आलेत तर ते आजच्या आज भरायला सांगा. नाव माहीत नसेल म्हणून 'जॉन डो' लिहिलं असेल तर तिथे खरा धोका आहे, कारण न्यू जर्सीत अशा दाव्याची मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि मुदत गेल्यावर खरं नाव नंतर घालता येईलच असं धरून चालू नये. पोलीस रिपोर्ट, त्याच्या क्रिमिनल केसमधल्या वकिलाची फाईल, अटकेच्या कागदावरच्या सह्या, कुठूनही नावं लवकरात लवकर काढा.

अजून एक गोष्ट मी तुमच्या पत्रात शोधत होते ती नव्हती: त्याने गुन्हा कबूल कशाकशाचा केला? हे फार महत्त्वाचं आहे. १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री नुसार, तुमचा दावा जिंकला तर तुमची शिक्षाच चुकीची होती असा अर्थ निघत असेल तर ती शिक्षा रद्द होईपर्यंत केस चालत नाही. त्याने अटकेला विरोध केल्याचा गुन्हा कबूल केला असेल आणि आता कागदात 'मी काहीच केलं नव्हतं, शांत उभा होतो' असं लिहिलं असेल तर समोरचा वकील पहिल्या दिवशी हेच पुढे करणार. पण 'विरोध झाला, तो संपला, हातकड्या पडल्या, आणि त्यानंतर मला मारलं' हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि असं असेल तर हेक आडवा येत नाही. वाक्य कसं लिहिलंय त्यावर केस राहते किंवा जाते ती अशी. आणि क्रिमिनल केस अजून चालू असेल तर सिव्हिल केस बहुतेक थांबवून ठेवतील, त्यात घाबरायचं कारण नाही.

आता शेड्युलिंग ऑर्डर. ती फ्रिजवर लावा खरंच, कारण त्यात डिस्कव्हरी कधी संपते, मोशन, म्हणजे जजकडे करायचे लेखी अर्ज, कधीपर्यंत, सगळ्या तारखा असतात. डिस्कव्हरी म्हणजे एकमेकांकडचा पुरावा मागून घेणं, आणि इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते की साध्या सिव्हिल केसमध्ये दोन्ही बाजू न मागता सुरुवातीची माहिती देतात, पण वकिलाशिवाय केस लढणाऱ्या कैद्याच्या केसला फेडरल सिव्हिल केसेसच्या नियमावलीतल्या नियम २६ मध्ये त्यातून सूट आहे. म्हणजे कोर्टाने वेगळी ऑर्डर दिली नसेल तर मागितल्याशिवाय काहीच येणार नाही, आणि मुलं आत वाट बघत बसतात की पोलीस व्हिडिओ पाठवतील. नाही पाठवत. नियम ३४ खाली लेखी मागायचं: बॉडीकॅमचं फुटेज सगळ्या हजर अधिकाऱ्यांचं, गाडीतल्या कॅमेऱ्याचं, डिस्पॅचचा (पोलीस कंट्रोल रूमचा) ऑडिओ, बळ वापरल्याचा रिपोर्ट, इंटर्नल अफेअर्सची (खात्याच्या अंतर्गत शाखेची) चौकशी झाली असेल तर ती, आणि बुकिंगच्या, म्हणजे अटकेनंतरच्या नोंदणीच्या, वेळचा फोटो. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बुकिंगचा फोटो तर सोडूच नका, सूज, रक्त, सगळं तारखेसकट पोलिसांच्याच कॅमेऱ्यात असतं. हॉस्पिटलचे आणि जेलच्या दवाखान्याचे कागद, मनगटाचा एक्सरे, हे त्याने संमतीच्या फॉर्मवर सही करून दिली तर आईला बाहेरून काढता येतात, तेवढंच तिला हातात काहीतरी करायला मिळतं.

लेखी प्रश्न प्रत्येक प्रतिवादीला २५ पर्यंत विचारता येतात, उपप्रश्न धरून, म्हणून ते नीट निवडावे. आणि नियम ३६ ची 'कबुली मागणी' दोन्ही बाजूंनी चालते: समोरच्याने पाठवलेल्या यादीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्यातली प्रत्येक ओळ कबूल धरली जाते. एखाद्याला दुसऱ्या प्रिझनला हलवलं, टपाल मागे राहिलं, आणि 'मला इजा झाली नाही' हे त्याच्याच तोंडी बसलं, असं होऊ शकतं. म्हणून पत्ता बदलला की कोर्टाला त्याच आठवड्यात कळवायचं. पोलिसांचे वकील त्याचं डिपॉझिशन पण घेतील, शपथेवर तासन्‌तास प्रश्न, कैद्याचं घ्यायला त्यांना कोर्टाची परवानगी लागते पण ती मिळते. तिथे आठवत नाही ते आठवत नाही म्हणावं, अंदाजाने वेळ, अंतर, ठोसे किती असं काही सांगू नये, कारण पुढे व्हिडिओशी जुळवून बघणार आहेत.

मागितलेलं दिलं नाही तर आधी समोरच्या वकिलाला पत्र, मग मोशन टू कंपेल, म्हणजे कोर्टाने त्यांना ते द्यायला लावावं असा अर्ज. व्हिडिओ पुसला गेला तर नियम ३७ खाली कोर्ट उपाय करू शकतं, पण तो जपून ठेवायला हवा हे त्यांना माहीत होतं हे दाखवावं लागतं, म्हणून 'फुटेज जपून ठेवा' असं पत्र जितकं लवकर गेलं तितकं चांगलं. असं पत्र आईसुद्धा पाठवू शकते. कोर्टातल्या कागदावर मात्र ती मुलाच्या वतीने सही करू शकत नाही, वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्याची केस लढता येत नाही, अगदी आईलाही.

आणि मग समरी जजमेंट. माझ्या मते सगळ्यात जास्त केसेस गमावायची जागा हीच. समोरचे म्हणतात ज्यूरीपुढे जाण्यासारखा काही वादच नाही, जजने कागदावरच निकाल द्यावा. याला उत्तर म्हणून रागाचं पत्र, 'ते खोटं बोलतायत', याची किंमत शून्य. पुरावा लागतो, आणि त्याचं स्वतःचं सांगणं हाच पुरावा आहे, पण शपथेवर असेल तरच. त्याला नोटरी लागत नाही. फेडरल कायद्यात, सेक्शन १७४६ मध्ये, सोय आहे की शेवटी 'वरील मजकूर खरा आहे, खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र' अशा अर्थाची ठरलेली ओळ, तारीख आणि सही केली की ते शपथपत्र झालं. एक ओळ! ती नसल्यामुळे आठ पानी खरीखुरी हकीकत कोर्ट बाजूला ठेवू शकतं, हे वाचताना दर वेळी जीव तुटतो.

व्हिडिओबद्दल, २००७ च्या स्कॉट विरुद्ध हॅरिस मध्ये कोर्टाने सांगितलं की व्हिडिओ तुमच्या हकिकतीला सरळ खोटं पाडत असेल तर जज व्हिडिओवर जाईल. पण कॅमेरा अंधारात असेल, अंगाखाली दबला असेल, अर्धवट असेल, तर त्याच्या शपथपत्राला वजन राहतं, आणि २०१४ च्या टोलन विरुद्ध कॉटन मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांना खडसावलं की या टप्प्यावर पुरावा पोलिसांच्या बाजूने तोलायचा नाही. २०२५ च्या बार्न्स विरुद्ध फेलिक्स ने अजून एक केलं, बळ वापरलं तो एकच क्षण बघायचा नाही, आधी काय काय घडलं ते सगळं बघायचं.

याच टप्प्यावर क्वालिफाइड इम्युनिटी येते, म्हणजे असंच वागणं बेकायदा आहे हे आधीच्या निकालांतून स्पष्ट नव्हतं तर अधिकारी सुटतो, हक्क मोडला असला तरी. मला हे तत्त्व अन्यायाचं वाटतं आणि मी ते कुठेही म्हणेन, पण आज ते आहे. त्यावर उपाय एकच, हातकड्या घातलेल्या, विरोध न करणाऱ्या माणसाला मारण्याबद्दल आपल्या सर्किटचे (आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाचे) जुने निकाल शोधून उत्तरात घालायचे, या मुद्द्यावर कोर्टं बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. आणि इम्युनिटी नाकारली तर अधिकारी खटल्याआधीच अपील करू शकतात, तेव्हा केस कित्येक महिने जागेवर थांबते. बाईंना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल सगळं संपलं.

प्रश्न : माझ्या मित्राला काउंटी जेलमध्ये गार्ड्सनी मारलं. तो म्हणतो आधी जेलमध्ये ग्रीव्हन्स (लेखी तक्रार) भरावा लागतो नाहीतर केस फेटाळतात. मार गार्डनेच दिला आणि तक्रार त्यांच्याकडेच? आणि जेलवाले पैसे तर देणार नाहीत, मग भरायचा कशाला?
— वाचक, ओहायो

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय. वरच्या मुलाला हे लागू नाही कारण त्याला रस्त्यावर अटकेत मारलं, पण जेलच्या आत जे घडतं त्याला १९९६ चा प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट लागतो आणि त्यात आधी आतली तक्रार पद्धत शेवटपर्यंत संपवावी लागते. सुप्रीम कोर्टाने एकेका निकालात हे पक्कं केलंय: ती पद्धत पैसे देऊ शकत नसली तरी (२००१), मारहाणीची तक्रार असली तरी (२००२), आणि त्यांच्याच मुदतीत, त्यांच्याच फॉर्मवर, अपिलाच्या सगळ्या पायऱ्यांसकट (२००६). जेलची मुदत अगदी थोड्या दिवसांची असू शकते, माणूस तेव्हा दवाखान्यात पडलेला असतो, त्यामुळे मला हा नियम फार कठोर वाटतो.

पण दरवाजे अगदीच बंद नाहीत. तक्रार संपवली नाही हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर आहे (जोन्स विरुद्ध बॉक, २००७). आणि रॉस विरुद्ध ब्लेक (२०१६) म्हणतं की पद्धत नावापुरतीच असेल, कोणाला समजणार नाही इतकी गुंतागुंतीची असेल, किंवा गार्डने धमकी देऊन, फॉर्म न देऊन अडवलं असेल, तर ती 'उपलब्ध' नव्हती. म्हणून फॉर्म मागितला कधी, कोणाकडे, काय उत्तर मिळालं हे त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवायचं, प्रत्येक ग्रीव्हन्सची कॉपी घरी पाठवायची. २०२५ मध्ये पर्टू विरुद्ध रिचर्ड्स मध्ये अजून एक चांगली गोष्ट झाली, तक्रार अडवली का हा वाद आणि मूळ दावा एकमेकांत गुंतलेला असेल तर तो वाद ज्यूरीने ठरवायचा.

सुटका झाल्यावर केस टाकली तर ही अट लागत नाही. तरी नुसतं थांबू नका, दाव्याची मुदत तेवढ्यात संपू शकते.

प्रश्न : सरकार वकील देत नाही का? क्रिमिनल केसमध्ये तर देतात. आणि खाजगी वकील अशा केसेस का घेत नाहीत?
— वाचक, टेक्सास

उत्तर : सिव्हिल केसमध्ये वकिलाचा हक्क नाही. कोर्ट एखाद्या वकिलाला विनंती करू शकतं, सक्ती करू शकत नाही, हे १९८९ मध्येच ठरलं. विनंती होते ती बहुतेक केस स्क्रीनिंग आणि पहिल्या मोशनमधून पार झाल्यावर, म्हणून अर्ज एकदा नाकारला तर पुढच्या टप्प्यावर परत करावा, आणि त्यात 'मला कायदा येत नाही' एवढंच नको, तर डॉक्टर तज्ज्ञ साक्षीदार लागणार आहे, व्हिडिओ मला फक्त गार्डसमोर बघायला मिळतो, साक्षीदार दुसऱ्या प्रिझनमध्ये आहेत आणि मी त्यांना लिहू शकत नाही, अशी ठोस अडचण हवी.

खाजगी वकील का घेत नाहीत याचं कारण पैशात आहे. एरवी नागरी हक्काची केस जिंकली की वकिलाची फी समोरच्याने द्यायची, पण कैदी असताना टाकलेल्या केसमध्ये त्या फीला मर्यादा घातलीय, नुकसानभरपाईच्या दीडपट इतकीच, आणि २०१८ च्या मर्फी विरुद्ध स्मिथ नुसार भरपाईतले २५ टक्क्यांपर्यंत आधी त्या फीकडे जातात. ज्यूरीने हजार डॉलर दिले तर वकिलाने वर्षानुवर्षं काम करून मिळणार दीड हजार. लॉ स्कूलची क्लिनिक्स, जिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केसेस लढतात, ती मात्र केसेस घेतात, तिथे जरूर लिहा.

प्रश्न : फेडरल प्रिझनमधल्या गार्डवर पण हेच सगळं चालतं का?
— वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : नाही. १९८३ राज्याच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांसाठी आहे. फेडरल अधिकाऱ्यांवर १९७१ च्या बिव्हन्स नावाच्या निकालाचा आधार घेत असत, पण सुप्रीम कोर्टाने तो आवळत आणलाय आणि २०२५ मध्ये गोल्डी विरुद्ध फील्ड्स मध्ये फेडरल कैद्याच्या मारहाणीच्या दाव्याला तो लावायला साफ नकार दिला. उरतो फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट, त्यात केस अधिकाऱ्यावर नाही तर अमेरिकन सरकारवर, आधी त्या खात्याकडे दोन वर्षांत लेखी क्लेम, त्यात मागणीची रक्कम आकड्यात, आणि त्यांनी नाकारल्यावर सहा महिन्यांत कोर्ट. ज्यूरी नसते.

प्रश्न : माझ्या भाच्याची केस समरी जजमेंटमधून वाचली! आता फायनल प्रीट्रायल कॉन्फरन्सची तारीख आलीय. त्याने काय तयारी करायची?
— वाचक, इलिनॉय

उत्तर : अरे वा, मनापासून आनंद झाला वाचून, इथवर येणं सोपं नाही. आता प्रीट्रायल ऑर्डर, म्हणजे खटल्यात काय काय येणार ते ठरवणारी ऑर्डर, बनेल आणि तिच्यात जे नाही ते खटल्यात बहुतेक येत नाही, नंतर बदलायला कोर्ट सहजासहजी तयार नसतं. म्हणून सगळे साक्षीदार नावासकट, त्या दिवशी उपचार केलेली नर्स धरून, आणि प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद क्रमांक घालून यादीत गेला पाहिजे. बाहेरच्या साक्षीदारांना सबपीना (हजर राहायचा हुकूम) आणि त्याबरोबर साक्षीदाराचा भत्ता लागतो, तो गरिबीच्या अर्जात माफ होत नाही, तेवढे पैसे घरच्यांनी बाजूला ठेवा. साक्षीदार कैदी असेल तर त्याला आणायला कोर्टाची वेगळी रिट (लेखी आदेश) लागते, आणि भाच्याला स्वतःला आणायला पण, ती लवकर मागा कारण प्रिझनला वाहतुकीची व्यवस्था करावी लागते.

मग मोशन इन लिमिने, म्हणजे ज्यूरीला काय सांगायचं नाही ते आधीच ठरवून घेणं. पोलिसांचे वकील त्याच्या जुन्या शिक्षा काढणारच. पुरावा कायद्याचा नियम ६०९ म्हणतो की शिक्षा झाल्याला किंवा त्यातून सुटल्याला, जे नंतरचं असेल त्याला, दहा वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर ती सहसा आणता येत नाही, आणि अलीकडची असली तरी गुन्ह्याचा तपशील नको, फक्त नाव आणि तारीख, असं मागता येतं. साध्या कपड्यांत बसू द्यावं आणि बेड्या ज्यूरीला दिसू नयेत, हे पण याच वेळी लेखी मागायचं. शर्ट-पँट कुठे आणि कोणाकडे पोचवायचे ते घरच्यांनी प्रिझनला आधी फोन करून विचारून घ्यावं.

तडजोडीचा प्रस्तावही याच सुमारास येतो. तो नियम ६८ खालचा असेल तर विचार करायला १४ दिवस असतात, आणि नाकारून खटल्यात त्यापेक्षा कमी मिळालं तर त्यानंतरचा कोर्टखर्च भाच्यावर येतो. त्यामुळे कागदावर नियमाचा आकडा आहे का ते आधी बघायचं, आणि रकमेत वकिलाची फी आणि खर्च धरलाय की वेगळा आहे हे लेखी विचारल्याशिवाय सही करायची नाही.